खालच्या फाटकावरचा आवाज

गुरुवार, २८ ऑक्टोबर १९६५. बालाघाट

ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, त्यानं ‘मी प्यालेला होतो’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा का द्यावा? मी बी.ए. झाले, घरातली पहिली, तरी याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो माणूस म्हणजे माझा बा. त्याला विचारलं की तो दोर वळत राहतो.

आज नहराच्या दफ्तरात तो कागद प्रथमच पाहायला मिळाला. नागपूरचं राज्य गेलं, भोपाळचं आलं, त्या गडबडीत तो भोपाळला जाऊन परत इथे येऊन पडला होता. बाबूनं समोर बसवून उतरवून घेऊ दिला. ‘१४ ऑक्टोबर १९५६, दसरा. तिसरी कोठी. गेटमन डोमाजी याने दारूच्या नशेत, कोठीत कोणी आहे की नाही याची खात्री न करता वरची मोरी उघडली. कोठीत उतरलेली मैनाबाई, वय एकोणीस, बुडून मरण पावली. मदतनीस नथ्थू खालच्या फाटकावर हजर होता. गेटमनने आरोप मान्य केला.’ खाली बाचा अंगठा.

कोठी म्हणजे काय ते इथे नीट लिहून ठेवते, बासाठी करायच्या अर्जातही लिहावं लागेल. नहर, म्हणजे कालवा, जिथे एकदम खाली उतरतो तिथे नावा उतरवण्यासाठी इंग्रजांनी दगडी हौद बांधले. साहेब लोक त्यांना लॉक म्हणत, आमच्याकडे कोठी. दोन्ही टोकांना फाटकं. नाव वरून आली की आधी कोठी पाण्यानं भरायची, नाव आत घ्यायची, मग पाणी सोडायचं. पाण्याबरोबर नाव उतरते आणि खालच्या फाटकातून पुढे जाते. पाणी आत सोडणाऱ्या मोरीचं चाक वरच्या फाटकावर असतं. तिथून कोठीचा खालचा कोपरा दिसत नाही, आणि लोखंडी शिडी नेमकी त्याच कोपऱ्यात आहे. म्हणून रीत अशी की चाक फिरवण्याआधी गेटमन ओरडतो, ‘कोठी रिकामी?’ खालच्या फाटकावरचा माणूस वाकून पाहतो आणि ‘रिकामी’ असा जबाब देतो. जबाब आल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. बानं बावीस वर्षांत ही रीत एकदाही मोडली नव्हती.

म्हणजे बानं हाक दिली होती. म्हणजे कोणीतरी जबाबही दिला होता, न पाहता. कागदच सांगतो की खाली नथ्थूकाका हजर होता. त्यानं आपली चूक बावर ढकलली आणि बा भोळेपणानं गप्प बसला. माझी खात्री आहे.

यंदाचा हंगाम संपला की तिन्ही कोठ्या कायमच्या बंद होणार आहेत. बांबू आता ट्रकनं जातो. जुन्या कामगारांच्या तक्रारी पंधरा नोव्हेंबरपर्यंत घेणार, नंतर फाइली बंद. मी नहरानं तिसऱ्या कोठीपर्यंत जाणार, कोठ्या मोजणार, साक्षी घेणार आणि त्या माणसाचं नाव अर्जात लिहिणार.

मला फार काही नको. त्याच दसऱ्याला नागपुरात आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. ड्युटी होती म्हणून बा गेला नाही. पुढे बालाघाटला दीक्षेचा कार्यक्रम झाला, तेव्हा माय आणि मी ओळीत बसलो आणि बा दाराबाहेर उभा राहिला. अजूनही विहारात वंदना असली की तो बाहेर चपलांपाशी बसतो. लोक म्हणतात, लोक दीक्षा घेत होते तेव्हा हा पिऊन पडला होता, आत यायला तोंड कुठाय. मला त्याला आत बसलेलं पाहायचं आहे.

मायला बेत सांगितला तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “तू त्या दिवशी तापानं फणफणत होती. तुले काय मालूम? गेलेलं उकरू नोको.” ती हे नेहमी म्हणते, मी विचारलेलं नसतानाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर

तेजरामदादा हा मैनाबाईचा नवरा. त्या दिवशी बांबू भरून वरच्या फाटकापाशी थांबलेली नाव त्याचीच. परवा त्याच्या घरी, नावेनं तिसऱ्या कोठीपर्यंत न्याल का विचारायला, गेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. मी म्हटलं, तुमचाही न्याय त्यातच आहे. त्यावर तो उठून बाहेर गेला.

आज आपणहून आमच्या दारात उभा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बा अंगणातच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बा दोराचं वेटोळं उचलून आत गेला. दादा मला म्हणाला, नाव शेवटची एकदा खाली नेऊन विकायची आहे, यायचं तर चल.

“मात्र तिन्ही कोठ्यांवर खालच्या फाटकावर तू उभी राहाशीन,” तो म्हणाला. “जबाब तू देशीन.”

अट सोपी आहे. त्याला एक माणूस कमी लागतो, आणि मला मोजमापही करता येईल. मी लगेच हो म्हटलं. आतून मायच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मंगळवार, २ नोव्हेंबर. पहिली कोठी

सकाळी धरणाच्या मुखापासून निघालो. नाव सपाट बुडाची, बांबूनं ढकलायची. सोबत दादाची दुसरी बायको अनुसयावहिनी आहे, म्हणून तर घरून परवानगी मिळाली. काठावरच्या बाया धान कापता कापता उभ्या राहून पाहत होत्या. वहिनी त्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “पाहून घ्या व माय, आता म्हनतीन तेजरामनं तिसरी आणली.” मी लाजले. ती मला म्हणाली, बी.ए. झालीस तरी लाजतेस, मग शिकून काय केलंस?

दादा आपल्या गाडग्यातलं पाणी वेगळं ठेवतो आणि माझ्याकडे पाठ करून जेवतो. वहिनी दोन्हीकडे बसते.

पहिल्या कोठीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, तरी पाण्यावरचं धुकं हललं नव्हतं. म्हाताऱ्या गेटमननं चाकावर हात ठेवला. मी खालच्या फाटकाच्या फळीवर जाऊन उभी राहिले. बंद फाटकाच्या फटींतून पाणी गळत होतं, त्याचा घोष इतका की स्वतःचा श्वास ऐकू येईना. वरून हाक आली आणि मी ‘रिकामी’ म्हणाले.

मोरी उघडली, नाव उतरली, सगळं नीट झालं. फाटकातून बाहेर पडताना दादानं विचारलं, “वाकून पाह्यलं होतं?”

मी हौ म्हटलं. खरं लिहायचं तर मी पाहिलं नव्हतं. हाक आली आणि जबाब तोंडातून गेला. पाहायचं नंतर आठवलं. लहानपणी बाच्या मागे मागे असायची, ती सवय राहिली असेल. याची मला लाज वाटते, म्हणून लिहिलं. पुढच्या कोठीवर आधी पाहीन.

दादा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. मग बांबू घेऊन नावेच्या टोकाला गेला आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच राहिला.

आणखी एक. मी ‘रिकामी’ म्हणाले तेव्हा माझ्या आवाजाच्या किंचित आधी आणखी एक आवाज म्हणाल्यासारखा वाटला. बारीक, मुलीचा. दगडी भिंतींत प्रतिध्वनी होतो. पण प्रतिध्वनी नंतर येतो.

बुधवार, ३ नोव्हेंबर. नावेत

दिवसभर कोठी नाही. दोन्ही बाजूंना धान, मधे सरळ नहर. इंग्रजांनी दुष्काळात लोकांकडून खणून घेतला म्हणतात. किती माणसं खपली ते कोणत्याही कागदात नसेल.

दुपारी, भर उन्हात, कोणीतरी पाढा म्हणत असल्याचा भास झाला. काठावर ना शाळा ना मूल. पाणी नावेला लागून तसा आवाज करत असेल. एकोणीसचा पाढा. मीही मनात म्हणू लागले आणि सातव्यापाशी अडकले. तिथे मी कायमची अडते. कॉलेजात मैत्रिणी हसायच्या.

मी सारखी मागे वळून पाहते हे वहिनीच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, “मैना दिसली का?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मले बी नाही दिसत. तिच्या गंजात भात रांधतो, तिच्या पाट्यावर वाटतो, कधी रागावली नाही बिचारी. ती त्रास देनारी बाई नव्हती म्हनतात.”

दादा ऐकत होता. तो मग आपणहून मैनाबाईबद्दल बोलला, या प्रवासात पहिल्यांदा. दसऱ्याची भांडी घासायला ती कोठीत उतरली होती. शिडीच्या तळाशी एक दगडी पायरी आहे, तिथे पाणी कंबरभर आणि संथ असे, सगळ्याच बाया उतरत. त्याची नाव येणार हे तिला माहीत होतं, पण तो दोन तास आधी पोचला. दसरा घरी करायचा म्हणून रात्रभर नाव ढकलली होती. हे सांगून तो म्हणाला, “मी वेळेवर आलो असतो तर ती घरी असती.”

मी म्हटलं, दोष तुमचा नाही दादा, ज्यानं खोटा जबाब दिला त्याचा आहे. त्याला मी सोडणार नाही. त्यानं बांबू पाण्यात एवढा खोल रोवला की नाव थांबली.

गुरुवार, ४ नोव्हेंबर. दुसरी कोठी

इथला गेटमन आजारी आहे, चाक त्याची बायको रुख्माबाई फिरवते. आमच्याच समाजाची. बाचं नाव सांगितल्यावर तिनं मला जवळ ओढून डोळे भरून पाहिलं आणि लगेच भांडायला लागली की एवढी वाळलीस कशी, नागपुरात काय पुस्तकंच खाऊ घालत होते का.

मी आज आधी वाकून पाहिलं, मग जबाब दिला. तरी तो दुसरा आवाज होताच. यावेळी माझ्या कितीतरी आधी, मी वाकले असतानाच. ‘रिकामी’ आणि त्याला जोडूनच आणखी काही पुटपुटणं. रुख्माबाईला विचारलं, इथे एखादी मुलगी आहे का? ती म्हणाली, कोठीवर मुलं येऊ देत नाहीत, त्या दसऱ्यापासून बंदी आहे. आधी गेटमनची बायको-पोरं सर्रास खालच्या फाटकावर बसत, साहेबांना कुठे ठाऊक असायचं. मी विचारलं, त्या दसऱ्यापासूनच का? तिनं तेजरामदादाकडे पाहिलं आणि अंबाडीची भाजी चुलीवर राहिली म्हणून उठली.

जेवताना मी नथ्थूकाकाचा विषय काढला. हजेरीत त्याचं नाव आहे, तो खाली होता, जबाब त्याचा. रुख्माबाईनं घास खाली ठेवला.

“नथ्थू?” ती म्हणाली. “त्या दिवशी नथ्थू नागपूरले होता, दीक्षेले. गोंदियापासून मांडीले मांडी लावून बसलो होतो गाडीत. माह्या पोराले त्यानंच खांद्यावर घेतलं होतं. पायाले फोड आले तरी उतरवलं नाही.”

“मग खाली कोण होतं?”

“मले काय मालूम? मी तर नागपूरले होती,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात न विचारता भाजी वाढली. ताट भरलं तरी वाढत राहिली.

माझा सगळा अर्ज नथ्थूकाकावर उभा होता. तो आता पडला. हजेरी खोटी. बा वर, चाकावर. तेजरामदादा नावेत. क्वार्टरमधे आम्ही तिघंच राहत होतो. माय म्हणते ती दसऱ्याचं रांधत होती. आणि मी तापात. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, एवढा ताप होता. पंधरा दिवसांनी मला मावशीकडे नागपूरला धाडलं, शाळेसाठी. त्यानंतर बानं मला नहरावर एकदाही येऊ दिलं नाही. सुट्टीतसुद्धा मीच बालाघाटला मामाकडे उतरायचे आणि तो भेटायला यायचा.

मग कोण होतं?

रविवार, ७ नोव्हेंबर. तिसरी कोठी

काल लिहिता आलं नाही. आज क्रमानं लिहिते. क्रम सोडला तर मी काहीतरी गाळीन.

काल दहाच्या सुमारास पोचलो. आमच्या क्वार्टरचं छप्पर गेलं आहे, भिंतीला मायनं लावलेला चुना अजून आहे. नथ्थूकाका कठड्यावर बसला होता. केस पांढरे झालेत. मी प्रश्न क्रमांक घालून लिहून आणले होते. पहिला वाचायच्या आतच तो म्हणाला की मी नव्हतो. बानंच हजेरीत त्याच्या नावापुढे काडी मारली होती. म्हणाला होता, नथ्थू, असा दिवस पुन्हा येत नाही, एकाला तरी जाऊ दे, नाव तर एकच येणार आहे, मी सांभाळतो.

मी विचारलं, मग खाली कोण होतं?

तेजरामदादा म्हणाला, आधी नाव उतरवू, मग बोलू. तू खाली जा.

मी खालच्या फाटकावर गेले. फाटकाच्या कडेला भिंतीत एक दगड पुढे आलेला आहे, बसण्याजोगा. मी त्याच्याकडे न पाहता त्यावर बसले. बसल्यावर कळलं की मी बसले आहे. गळत्या पाण्याचा घोष सुरू होता आणि त्याच्या आत पाढा. नथ्थूकाकानं चाक धरून हाक दिली, “कोठी रिकामी?”

शब्द माझ्या तोंडात होता. मी दात आवळून तो धरून ठेवला. तरी तो आला. कोठीतून नाही, भिंतीतून नाही. माझ्यातून. बारीक, घाईचा, पाढ्याच्या दोन ओळींमधे कोंबलेला. मला माझे गुडघे दिसले, परकरातले, त्यांवर वही. सुट्टीनंतर पाढ्यांची परीक्षा होती. बा म्हणाला होता, आज काका नाही, तू बस. मी म्हटलं, आणि माझा पाढा? तो म्हणाला, बसून म्हण. हाक आली तेव्हा मी सातव्यापाशी होते. डोळे वर केले तर विसरीन म्हणून डोळे वर केले नाहीत. ‘रिकामी’ म्हणाले आणि पुढचा आकडा शोधायला लागले. मग पाणी भरायची पितळेची गुंडी दगडावर आपटल्याचा आवाज. एकदाच.

ताप होता. पण तो नंतरचा होता.

मी उठले आणि फळीवरून वाकून खाली पाहिलं. शिडी होती, पायरी होती, पाणी होतं. कोणी नव्हतं. तरी मी ओरडले, “थांबा. माणूस हाय.”

वर कोणी चाकाला हात लावला नाही. कोण माणूस, असंही कोणी विचारलं नाही.

किती वेळ तशीच वाकून होते माहीत नाही. दादा काठानं चालत आला आणि थोडं अंतर ठेवून बसला. मीच बोलले. म्हटलं, मी होते. तो म्हणाला, “हौ. मी वर नावेत होतो. आवाज ऐकला. लेकराचा होता.”

साहेबांपुढे का नाही सांगितलं, विचारलं. दादा म्हणाला, संध्याकाळी तुझा बाप आला, पागोटं माझ्या पायावर ठेवलं आणि म्हणू लागला: हाक मी दिली, पोरीला बसवलं मी, चाकावर हातही माझाच. तिचं नाव निघालं तर ती मरेपर्यंत हेच ऐकत राहील. मैना तर गेलीच होती, दादा पुढे म्हणाला.

“आणि दारू?”

“हाक देल्ली होती म्हनला असता, तर साहेबानं इचारलं असतं, मंग जबाब कोनं देल्ला? प्यालो होतो म्हनलं, की साहेबाचे प्रश्न सरले.”

नऊ वर्षं मला न सापडलेलं उत्तर एवढंच होतं.

मला का आणलंत, मी विचारलं. तो म्हणाला, तू माझ्या दारी येऊन म्हणालीस, खालून खोटा जबाब देणाऱ्याला शोधायचं आहे. मला वाटलं ढोंग आहे. पहिल्या कोठीवर पाहिलं की ढोंग नाही, हिला ठाऊकच नाही. तेव्हाच नाव फिरवायला हवी होती.

“नाही फिरवली,” तो म्हणाला. “मले बी एकडाव ऐकायचं होतं, खालून कोनी ‘थांबा’ म्हनलेलं.”

अनुसयावहिनी चहा घेऊन आली होती, मागे उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “झालं समाधान?” आणि कप त्याच्या हातात न देता दगडावर आपटून ठेवला. मग मला उठवून घेऊन गेली, माझं तोंड धुतलं, डोक्याला तेल लावलं. मी रडले नाही. ती रडत होती.

नाव कोठीत उतरवली नाही. वरच बांधली आहे.

मंगळवार, ९ नोव्हेंबर. बालाघाट

घरी आले. बा दारातच होता. मी काय सांगते याची वाट पाहत होता की मी काही सांगू नये अशी इच्छा करत होता, कळलं नाही. मी म्हटलं, कोठ्या मोजल्या. तो हौ म्हणाला.

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. मोरीवर भांडी घासता घासता माझ्याकडे न पाहता म्हणाली, “त्याले सांगू नोको तुले मालूम झालं म्हनून. तुले मालूम नाही, याच्यावरच तो जगून राह्यला.”

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले. पहिल्यात मी बारा वर्षांची होते हे चार वेळा आलं होतं. दुसऱ्यात मी स्वतःला इतकी दूषणं दिली होती की वाचणाऱ्याला माझीच दया यावी. तिसऱ्यात माझं नावच नव्हतं, ‘एका लहान मुलीने’ असं होतं.

गप्प बसले तर बा चपलांपाशीच राहील. लिहिलं तर नऊ वर्षं त्यानं जे झाकलं ते मी माझ्या हातानं उघडं करते. एक डिसेंबरला परसवाड्याच्या मुलींच्या शाळेत रुजू व्हायचं आहे. तिथे मुलींना मी पाढे शिकवणार.

आज विहारात वंदना होती. बा बाहेर बसला होता. मी आत पंचशील म्हणत होते आणि चौथ्यापाशी अडकले. आजवर मला वाटायचं, दारूच्या शीलापाशी त्याचं अडतं म्हणून तो आत येत नाही. ते त्यानं कधी मोडलंच नाही. त्यानं मोडलं ते चौथं, खोटं न बोलण्याचं. लोक समजतात त्या कारणानं तो बाहेर बसलेला नाही. त्यानं स्वतःला बाहेर बसवलं आहे, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे.

आवाज रोज येतो. आता तो मुलीचा आहे की माझा, असा प्रश्न पडत नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर

अर्ज सकाळी साडेअकराला दिला. दोन पानं. नथ्थूकाकाला शनिवारी जाऊन विचारलं होतं, त्याची खोटी हजेरी लिहू का. तो म्हणाला, माझं लिहून टाक, कोठीच राहिली नाही तर मदतनीस कोणाचा. तेजरामदादा आज स्वतः दफ्तरात आला, आपलं बयान सांगितलं आणि अंगठा दिला. बाबू वाचता वाचता थांबला. म्हणाला, बाई, हे तर तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून राहिल्या. नोकरी लागलीय, लहान होते, काही आठवत नाही, एवढं लिहा ना, तेवढ्यानंही वडिलांचं काम होऊन जाईल. मी म्हटलं, आठवतं. अर्जात होतं तेच राहिलं: जबाब देणाऱ्याचे नाव, आनंदी डोमाजी. वय बारा. जबाब देण्यापूर्वी कोठीत पाहिले होते काय? नाही. सही करून पोच घेतली.

बाला संध्याकाळी सांगितलं. अंगणात तो दोर वळत होता, मी समोर बसून दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं, पाढ्यापासून अर्जाच्या पोचेपर्यंत. माय दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. दोराचा पीळ सुटत होता, त्यानं सुटू दिला.

मग म्हणाला, “मले इचारलं काहून नाही?”

मी म्हटलं, “तू मले इचारलं होतं का, बा?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोच त्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नाही, तरी त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे परत घेता येते का. येत नाही, मी म्हटलं. देण्याआधीच ते मी बाबूला विचारून घेतलं होतं.